हजेरीपट आणि बाक : प्रथिनांतील संपर्क व सिकलसेलचा आजार



या अंकातील विज्ञानपाठ नेहमीपेक्षा थोडा मोठा आहे. नववी-दहावीच्या मुलांनी तो वही, पेन्सिल आणि आलेख-कागद जवळ घेऊन वाचावा. पाठाचा उत्तरार्ध पालकांनी अवश्य वाचावा, कारण त्याचा संबंध घरातील आरोग्याशी आणि पुढे मुलामुलींच्या विवाहाशी आहे. विश्वस्त मंडळींना शेवटी एक विनंती केली आहे.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'अमीनो अम्ल' लिहीत, आपल्या मराठी पुस्तकात 'अमिनो आम्ल' लिहितात आणि इंग्रजी माध्यमाची मुले 'अमिनो ॲसिड' म्हणतात. नाव कोणतेही घ्या, वस्तू एकच आहे.

१. माळ आणि घडी

आपल्या शरीरातील प्रथिने ही अमिनो आम्लांची लांबच लांब माळ असते. या माळेत मुख्यतः २० प्रकारचे मणी वापरलेले असतात. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणून माळेत शिल्लक राहिलेल्या भागाला 'अवशेष' म्हणतात. या पाठात आपण त्याला सोयीसाठी 'मणी' म्हणू. प्रत्येक मण्याला माळेच्या सुरुवातीपासून क्रमांक दिलेला असतो.

पण माळ सरळ राहत नाही. ती वळते, दुमडते आणि तिची ठरावीक घडी बसते. घडी बसली तरच प्रथिन काम करते. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो. त्यात मण्यांचा क्रम बदललेला नसतो, फक्त उष्णतेने घडी मोडलेली असते. ती पुन्हा पूर्ववत होत नाही, हे आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो.

हे समजण्यासाठी वर्गाचे उदाहरण घ्या. हजेरीपटात ५ क्रमांकाच्या मुलाशेजारी ६ क्रमांकाचा मुलगा असतो. परंतु वर्गात बाकावर बसताना ५ क्रमांकाचा मुलगा ४१ क्रमांकाच्या मुलाशेजारी बसलेला असू शकतो. वर्गात काय चालले आहे हे कळण्यासाठी हजेरीपट पुरेसा नाही, बाकावर कोण कोणाला लागून बसले आहे हे पाहावे लागते. प्रथिनांच्या अभ्यासातही तसेच आहे. माळेतील क्रम हा हजेरीपट आणि घडी बसल्यावर जवळ आलेल्या मण्यांच्या जोड्या म्हणजे बाकाचे शेजारी. या जोडीलाच 'संपर्क' म्हणतात.

उदाहरण आपल्याच रक्तातील आहे. तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात, दोन अल्फा (प्रत्येकी १४१ मणी) आणि दोन बीटा (प्रत्येकी १४६ मणी). बीटा माळेत ६३ वा आणि ९२ वा मणी हिस्टिडिन आहेत. हजेरीपटात दोघांत २९ क्रमांकांचे अंतर आहे. पण घडीमध्ये दोघे एकाच लोहाच्या अणूच्या दोन बाजूंना येतात. ९२ वा लोहाला धरून ठेवतो आणि ६३ वा ऑक्सिजन बसण्याच्या जागेवर लक्ष ठेवतो. ही घडी नसती तर आपला श्वास निरुपयोगी ठरला असता.

२. संपर्क कसा मोजतात?

प्रथिनातील अंतरे 'अँगस्ट्रॉम' या एककात मोजतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकतात आणि त्यावरून प्रत्येक अणूची जागा क्ष, य, झ अशा तीन अंकांनी सांगतात. १९६२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मॅक्स पेरुट्झ आणि जॉन केंड्र्यू यांना अशाच कामासाठी मिळाले. पेरुट्झ यांचा विषय हिमोग्लोबिन हाच होता. अशी माहिती जमा करणारी 'प्रोटीन डेटा बँक' १९७१ साली सुरू झाली. आज तिच्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

अणूंच्या जागा कळल्या की पुढचे काम पायथागोरसच्या प्रमेयाचे. समजा एक अणू (२, ३, ६) येथे आणि दुसरा (५, ७, ६) येथे आहे. तिन्ही फरक ३, ४ आणि ०. त्यांच्या वर्गांची बेरीज ९ + १६ + ० = २५, वर्गमूळ ५. अंतर ५ अँगस्ट्रॉम. आता (१०, ४, ७) आणि (१३, ८, १९) घ्या. फरक ३, ४ आणि १२, वर्गांची बेरीज १६९, अंतर १३ अँगस्ट्रॉम.

नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मण्याच्या बाजूसाखळीचा पहिला कार्बन घेतात आणि दोन कार्बनमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर संपर्क आहे असे मानतात. (ग्लायसिनला असा कार्बन नसतो, म्हणून त्याचा मुख्य साखळीतील कार्बन घेतात.) वरील पहिली जोडी संपर्कात आहे, दुसरी नाही. हजेरीपटातील अगदी लगतचे क्रमांक वगळतात, कारण ते धाग्यानेच जवळ बांधलेले असतात.

जवळ येण्यालाही मर्यादा आहे. दोन अणू एका ठरावीक अंतराच्या आत येऊ शकत नाहीत. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नियमावरून माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत नाही याचा आलेख १९६३ साली प्रसिद्ध केला. जगभरचे शास्त्रज्ञ आजही प्रथिनाची रचना बरोबर आहे की नाही हे 'रामचंद्रन आलेखा'वर तपासून पाहतात.

संपर्क मुख्यतः चार प्रकारचे असतात.

(अ) तेलकट स्वभावाचे मणी पाण्यापासून दूर, घडीच्या आत एकमेकांजवळ जमतात. वरणावरचे तेलाचे थेंब जसे एकत्र येतात तसेच.
(आ) हायड्रोजन बंध. येथे अणूंमधील अंतर साधारण ३ अँगस्ट्रॉम असते.
(इ) धन आणि ऋण विद्युतभार असलेल्या मण्यांचे आकर्षण.
(ई) दोन सिस्टीन मण्यांमधील गंधकाचा पक्का बंध. आपल्या केसांचा मजबूतपणा बऱ्याच अंशी यावर अवलंबून असतो.

३. संपर्काचा नकाशा : करून पाहा

एका दोऱ्यात १२ मणी ओवा आणि त्यांना १ ते १२ क्रमांक द्या. दोरा मधोमध दुमडून दोन्ही बाजू शेजारी ठेवा. आता १ समोर १२, २ समोर ११, ३ समोर १०, ४ समोर ९ आणि ५ समोर ८ येईल. ६ आणि ७ लगतचे आहेत, म्हणून ते सोडा.

आलेख-कागदावर १२ × १२ चौकोन आखा. आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना १ ते १२ लिहा. (१, १२), (२, ११) याप्रमाणे जे मणी समोरासमोर आहेत ते चौकोन काळे करा. संपर्क दोघांचा असतो, म्हणून (१२, १), (११, २) हेही काळे करा. मुख्य कर्णाला काटकोनात छेदणारी ओळ तयार होईल. प्रथिनाच्या नकाशात अशी ओळ दिसली की माळ तेथे दुमडून उलट्या दिशेने परत आली आहे असे ओळखतात. माळ स्प्रिंगसारखी वळलेली असेल तर एका वेढ्यात ३.६ मणी बसतात. त्यामुळे ३ किंवा ४ क्रमांकांच्या अंतराने असलेले मणी एकाच बाजूला येतात आणि नकाशात कर्णाला लागून समांतर पट्टा दिसतो. हा ३-४ चा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उलट दिशेनेही जाता येते. नुसत्या हजेरीपटावरून बाकाचे शेजारी ओळखता आले तर घडी सांगता येते. हे कोडे संगणकाने बरेचसे सोडवले. त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. निरनिराळ्या प्राण्यांतील एकाच प्रथिनाच्या माळा शेजारी मांडल्या की दोन दूरचे मणी जोडीने बदललेले दिसतात. असे बदल ते मणी संपर्कात असल्याची खूण असतात, आणि संगणकाच्या पद्धतीत या खुणेचा मोठा वाटा आहे.

४. एक मणी बदलला

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बीटा माळेतील ६ वा मणी ग्लुटामिक आम्ल असतो. त्यावर ऋण विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडते आणि तो रेणूच्या बाहेरच्या बाजूला असतो. काही लोकांत जनुकातील एका अक्षराच्या बदलाने त्या जागी व्हॅलिन येते. व्हॅलिन तेलकट स्वभावाचा आहे. (हल्लीच्या क्रमवारीत सुरुवातीचा गळून जाणारा मणीही मोजतात, त्यामुळे काही अहवालांत ६ ऐवजी ७ लिहिलेले असते. गोंधळू नये.)

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभार वेगळा आहे हे दाखवले. नेमका कोणता मणी बदलला हे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. मग प्रश्न राहिला की १४६ पैकी एका मण्याने एवढे काय बिघडते?

उत्तर संपर्कात आहे. शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या बीटा माळेवर ८५ वा फिनाइलअलानिन आणि ८८ वा ल्युसिन हे दोन तेलकट मणी आहेत. दोघांच्या क्रमांकांत ३ चे अंतर आहे, म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे ते एकाच बाजूला येतात. त्यांच्यामध्ये एक लहानसा खळगा तयार होतो आणि ६ वा व्हॅलिन त्यात बरोबर बसतो. ग्लुटामिक आम्ल त्या खळग्यात बसत नव्हते. अशा रीतीने पूर्वी नसलेला एक नवा संपर्क तयार होतो, तोही एका रेणूचा दुसऱ्या रेणूशी.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने असतात. एकाला एक चिकटत गेले की लांब दोर तयार होतात आणि ते पेशीला आतून ताणतात. गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, तेथील भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी पडते. यालाच सिकलसेल ॲनिमिया किंवा दात्रपेशी पांडुरोग म्हणतात.

या कारणाला एक चांगला पुरावा आहे. त्याच ६ व्या जागी काही लोकांत व्हॅलिनऐवजी लायसिन असते. लायसिनवर विद्युतभार आहे, तो तेलकट खळग्यात बसत नाही. त्या लोकांच्या पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. म्हणजे जागा तीच आणि बदलही एकच, पण संपर्क जुळला नाही तर हा आजार होत नाही.

५. पाणी प्या, असे डॉक्टर का सांगतात?

हा संपर्क नेहमी जुळत नाही. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलेला असताना त्याचा आकार थोडा वेगळा असतो आणि खळगा व्हॅलिनला सोयीचा राहत नाही. ऑक्सिजन सोडून दिल्यावर तो सोयीचा होतो. तरीही दोर तयार व्हायला काही वेळ लागतो. तेवढ्या वेळात पेशी फुप्फुसात परत पोहोचली तर धोका टळतो. पेशीतील पाणी कमी झाले आणि हिमोग्लोबिनची दाटी थोडीशी जरी वाढली तरी हा वेळ कितीतरी पटींनी कमी होतो.

म्हणूनच रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, कडक उन्हात किंवा फार थंडीत राहू नये, अति दमू नये, फार उंच ठिकाणी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि ताप आला तर घरी वाट पाहत बसू नये. या सूचना पाठ करण्याऐवजी त्यांच्यामागचा संपर्क समजला तर मुले त्या स्वतःहून पाळतात.

निसर्गानेही एक उपाय ठेवला आहे. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा माळ असते. बीटा माळेत ८७ वा मणी थ्रिओनिन आहे, गॅमा माळेत तेथे ग्लुटामिन आहे. हा मणी बरोबर त्या खळग्याशेजारी येतो आणि संपर्क जुळू देत नाही. म्हणून जन्मानंतर पहिले काही महिने बाळाला त्रास होत नाही. आपल्याकडील अनेक रुग्णांत हे बाळपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही काही प्रमाणात राहते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच वाढवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते. जनुकात बदल करून हेच साधणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु त्याचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे.

६. हा आपला प्रश्न का?

आपल्या शाळेतील पुष्कळ कुटुंबांची मुळे मराठवाड्यात, विदर्भात किंवा आदिलाबादकडे आहेत. नात्यागोत्याचे संबंध आजही तिकडे जुळतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हा पट्टा, नंदुरबार आणि मेळघाट, तसेच तेलंगणातील आदिलाबादचा आदिवासी भाग येथे सिकलसेल आढळतो. जेथे पूर्वी मलेरिया फार होता तेथे हा बदल टिकून राहिला, कारण एकच बदललेले जनुक असणाऱ्या माणसाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणजे हे ना पाप आहे, ना कोणत्या समाजाचा डाग. एके काळी याच बदलाने जीव वाचवले आहेत.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडून बदललेले जनुक आले तर ती व्यक्ती 'वाहक' असते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो आणि म्हणूनच त्याला स्वतःला पत्ता नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेत आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक मूल होण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुके चांगली असण्याची २५ टक्के. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. एक वाहक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा असेल तरीही मूल आजारी होऊ शकते. म्हणून साध्या चाचणीवर न थांबता हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करून घ्यावी.

लग्न ठरवताना आपण पत्रिका पाहतो, गोत्र विचारतो. त्यासोबत रक्ताचा हा अहवालही पाहावा. मात्र 'वाहक आहे' म्हणून एखाद्या मुलीला किंवा मुलाला नाकारण्यासाठी त्याचा उपयोग करू नये. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न केले तर मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर गर्भधारणेपूर्वी आणि सुरुवातीच्या काळात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. हैदराबादेत थॅलेसेमिया अँड सिकलसेल सोसायटी ही संस्था १९९८ पासून रुग्णांसाठी काम करीत आहे. प्रथिने आणि जनुके यांच्यावर संशोधन करणारी सीसीएमबी ही मोठी संस्था तर आपल्या हबसिगुड्यालाच आहे. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांनी तेथे काय चालते याची माहिती अवश्य घ्यावी.

७. शाळेकडून

वर्गात एखादे मूल वारंवार पाणी पिते, लघवीला जाण्याची परवानगी मागते, हातापाय दुखतात म्हणून खेळाच्या तासाला बसून राहते किंवा महिन्यातून दोन-तीनदा गैरहजर असते. त्याला आळशी किंवा नाटकी म्हणण्यापूर्वी विचार करावा. सिकलसेलची वेदना बाहेरून दिसत नाही. आम्ही सर्व शिक्षकांना सांगितले आहे की अशा मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, पळण्याची सक्ती करू नये, बुडालेला अभ्यास भरून द्यावा आणि ताप, छातीत दुखणे किंवा श्वास लागणे दिसले तर पालकांना तत्काळ बोलवावे. ज्या पालकांना आपल्या मुलाच्या आजाराची माहिती आहे त्यांनी ती कार्यालयात बंद पाकिटात द्यावी. ती वर्गशिक्षकापलीकडे जाणार नाही.

विश्वस्त मंडळास विनंती आहे की वार्षिक आरोग्य तपासणीच्या वेळी, ज्यांच्या घराण्यात असा आजार आहे अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हिमोग्लोबिनच्या प्रकाराची चाचणी करून घेण्याची सोय करावी. ती ऐच्छिक असावी, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि अहवाल फक्त पालकांच्याच हाती द्यावा. खर्च फार नाही, पण एका कुटुंबाचे दुःख टळले तरी तो सार्थकी लागेल.

स्वाध्याय

१. (१, २, २) व (३, ५, ८) आणि (४, १, ०) व (८, ९, ८) या दोन जोड्यांमधील अंतरे काढा. ८ अँगस्ट्रॉमच्या नियमाने कोणती जोडी संपर्कात आहे?
२. १६ मण्यांचा दोरा मधोमध दुमडला तर लगतचे मणी सोडून किती संपर्क मिळतील? नकाशा काढा.
३. ८५ आणि ८८ हे मणी एकाच बाजूला का येतात? ८५ आणि ८७ का येत नाहीत?
४. आई वाहक आणि वडील वाहक नाहीत. मुलांच्या शक्यता चौकटीत मांडा.
५. घरी आजी-आजोबांना सिकलसेलबद्दल पाच वाक्यांत समजावून सांगा. 'वाहक म्हणजे रोगी नव्हे' हे वाक्य त्यात असलेच पाहिजे.

उत्तरे विज्ञान शिक्षकांकडे वहीत द्यावीत. पाचव्या प्रश्नाखाली आजी किंवा आजोबांची सही आणावी.